घोडी गुटगुटीत दिसते? आधी बरगड्या चाचपून पाहा

पोळ्याला आमच्याकडे बैलांसोबत चंद्रीलाही ओवाळायचे. चंद्री म्हणजे आमची काठेवाडी घोडी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. चार वर्षांपूर्वीच्या पोळ्याला आईने तिला बैलांच्या बरोबरीने पुरणपोळ्या चारल्या. शेजारच्या पाच-सहा घरांतून आणखी आल्या. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याच्या पोट्ट्यांनी गूळ-हरभरे दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी घोडी ठाणावरून हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन ती उभी होती, आणि एकेक पाय आळीपाळीने उचलत होती.

गावातले जाणते म्हणाले, "वात भरला असन, फिरवा तिले." मी तिला अर्धा तास मुरमाच्या रस्त्यावर फिरवली. ती चालत नव्हती, मी ओढत होतो. तो अर्धा तास आजही मला आठवतो, कारण त्या वेळी तिच्या खुराच्या आत काय फाटत होतं ते मला माहीत नव्हतं. डॉक्टर आले, त्यांनी तिच्या मानेवरचा आयाळीखालचा भाग मुठीत धरून दाबला आणि म्हणाले, "पुरणपोळी निमित्त झाली. ही घोडी दोन वर्षांपासून आजारी आहे. तुम्हाला ती तब्येतीची वाटत होती."

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात शेतावर हौसेने घोडं बांधणारे, वरातीसाठी घोडी घेणारे पुष्कळ नवे लोक दिसतात. उलट घोड्यातलं कळणारे मात्र कमी झाले. 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून साधारण 3 लाख 40 हजारच उरले होते, 2012 च्या मानाने 45 टक्क्यांहून जास्त घट. घोडे कमी झाले तसे घोड्याची देखभाल करणारे साईस गेले, नाल ठोकणारे नालबंद गेले, आणि घोड्याला काय चारावं याचं ज्ञान बैलाच्या आणि म्हशीच्या अनुभवावर येऊन थांबलं. बैलाची पाठ भरली की शेतकरी खूश होतो. तीच नजर आपण घोड्यावर टाकतो, आणि चूक तिथून सुरू होते.

शरीरात नेमकं काय बिघडतं

रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवायचं काम इन्सुलिन करतं. काही घोड्यांत, विशेषतः अंगावर चरबी चढलेल्या घोड्यांत, शरीर या इन्सुलिनला दाद देईनासं होतं, किंवा गोड-पिठूळ खाल्लं की स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन सोडतं. माणसाचं असं झालं की पुढे मधुमेह होतो, साखर वाढते. घोड्यात सहसा साखर वाढत नाही. त्याचं स्वादुपिंड वर्षानुवर्षं इन्सुलिन ओतत राहतं. म्हणून घरातल्या शुगरच्या मशीनवर घोड्याच्या रक्ताचा थेंब टाकून आकडा बरा आला, तरी त्यावर विसंबू नका. घोड्याला भोवतं ते चढलेलं इन्सुलिन, आणि ते भोवतं खुरात.

खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला शेकडो बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. घोड्याचं सगळं वजन त्या पकडीवर लटकलेलं असतं म्हणा ना. इन्सुलिन जास्त काळ चढं राहिलं की ही पकड ताणते, सैल होते, आणि वाईट वेळ आली तर हाड सुटून तळव्याकडे फिरतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट पोनींच्या रक्तात इन्सुलिन सतत चढं ठेवलं, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्या सगळ्यांना लॅमिनायटिस झाला. त्यांना कोणी धान्य चारलं नव्हतं, जंतूसंसर्गही नव्हता. चरबी, बिघडलेलं इन्सुलिन आणि खुराचा धोका या तिन्हीला मिळून डॉक्टर इक्वाइन मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. थोडं खाऊनही जाड होणारे घोडे यात आधी सापडतात. आपली तट्टं आणि कमी चाऱ्यावर तगलेली देशी घोडी दुष्काळात जी चिकाटी दाखवतात, तीच भरल्या दावणीपाशी त्यांना महाग पडते.

पहिली पायरी: हाताने पाहा

डोळा फसवतो. हिवाळ्यातले केस फसवतात, चकाकी फसवते. बाजारात आणायच्या आधी घोडं महिनोन्‌महिने गूळ, हरभरा, कधी दूध-तूप चारून भरवलेलं असतं, त्यामुळे यात्रेत भाव चरबीलाही मिळतो. म्हणून हात लावा.

तळहात सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवा. बरगड्या नजरेला दिसू नयेत, पण हलक्या हाताला एकेक लागाव्यात. बोटं रुतवावी लागली तर घोडं जाड आहे. मग मान पाहा. आयाळीखाली कडक, जाड वळी उभी राहिली असेल, ती हाताने इकडे-तिकडे वाकत नसेल, तर हे सगळ्यात वाईट लक्षण समजा. मानेवरची ही चरबी पोटावरच्या चरबीपेक्षा जास्त बोलते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू फुगून मध्ये नाली पडली आहे का, शेपटीच्या मुळाशी मऊ गोळे आहेत का, खांद्यामागे भर आहे का, तेही चाचपा. घोड्यांच्या या तब्येतीला 1 ते 9 गुण द्यायची पद्धत 1983 साली टेक्सासमध्ये डॉ. हेनेके यांनी बसवली. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे अतिस्थूल. 5 च्या आसपास चांगलं. चंद्री त्या दिवशी 8 होती, आणि मी तिचे फोटो कौतुकाने सगळ्यांना पाठवत होतो.

पोट मात्र एकटं पाहून निकाल देऊ नका. फळलेली (गाभण) घोडी, जंताने ढेरी सुटलेलं शिंगरू, निव्वळ कुटार (भुसा) खाऊन पोट लोंबलेलं घोडं, यांच्या बरगड्या वर उघड्या असू शकतात. आणखी एक गोष्ट आपल्या भागात महत्त्वाची आहे. पोटाखाली, छातीखाली किंवा पायांवर मऊ सूज असेल, बोट दाबून काढल्यावर खळगा राहत असेल, तर ती चरबी नाही. माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा या रोगात अशी सूज येते, सोबत ताप येतो-जातो आणि घोडं खंगत जातं. तिथे खाणं कमी करायचा प्रश्नच नाही, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

दुसरी पायरी: फीत लावा आणि वहीत लिहा

शिंप्याची फीत पुरते. कोपराच्या लगेच मागून, मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो त्याच्या मागून, छातीचा घेर घ्या. घोड्याने श्वास सोडला की आकडा वाचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे किलोत वजन. घेर 165 आणि लांबी 150 आली तर वजन साधारण 344 किलो. काट्यावरच्या वजनाशी हे तंतोतंत जुळणार नाही, पण दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने, त्याच वेळी, चारा द्यायच्या आधी माप घेतलं तर वजन कुठे चाललंय ते कळतं. मानेचा मधोमध घेरही लिहून ठेवा.

तिसरी पायरी: चंदी (धान्याचा खुराक) बंद, आणि वैरण काट्यावर

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, माझ्या घरातही झाली. घोडं म्हटलं की हरभरा, ही आपल्या डोक्यात बसलेली जोडी आहे. ती मुळात कामाच्या घोड्याची होती. दिवसाला तीस-चाळीस मैल मजल मारणाऱ्या घोड्याच्या तोबऱ्यातला हरभरा वेगळा, आणि आठवड्यातून एकदा वरातीला निघणाऱ्या घोडीचा वेगळा. जाड घोड्याला हरभरा, मका, ज्वारी, बाजरी, भरडा, गव्हाचा चोकर (कोंडा), गूळ, मळी घातलेलं पशुखाद्य, सगळं बंद. एकदम तोडू नका, आठ-दहा दिवसांत उतरवत आणा, म्हणजे पोट बिघडत नाही. चोकराचं वेगळं सांगतो, कारण तो "हलका" म्हणून चारला जातो. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, रोज भरपूर दिला तर हाडं पोकळ होतात. कोंबड्यांचं खाद्य तर घोड्याच्या जवळपासही ठेवू नका. त्यातल्या मोनेन्सिनसारख्या औषधाने घोडं मरतं. काही गुरांच्या खाद्यातही ते असतं.

आता वैरण. वजन उतरवायचं असेल तर दिवसाला शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा धरा. 344 किलोच्या घोडीला 5.2 किलो निव्वळ कोरडा भाग, म्हणजे थोडा ओलावा धरून वाळलेलं गवत पावणेसहा किलोच्या आसपास. हे अंदाजाने होत नाही. आपल्याकडे प्रत्येक घरी कापूस वेचणीचा लटकता काटा असतो, तोच वापरा. मी पहिल्यांदा पेंडी काट्याला अडकवली तेव्हा कळलं, मी रोज साडेनऊ किलो टाकत होतो आणि वर दोन किलो चंदी.

चारा कोणता? पहिली पसंती पवन्या, मारवेल, कुसळी अशा आपल्या रानातल्या पिकून वाळलेल्या गवताला. कुसळीचं मात्र कुसळ भरायच्या आधी किंवा झडल्यावरच कापा, तोंडात आणि डोळ्यात घुसतं. ज्वारीचा कडबा चालतो, पण धांडा चावून पाहा. काही वाणांचा धांडा उसासारखा गोड लागतो, तसा जाड घोड्याला नको. हिरवी ज्वारी तर घोड्याला देऊच नका. कोवळ्या ज्वारीत विष असतं हे गुरांमुळे सगळ्यांना माहीत आहे, पण घोड्यात तिच्यामुळे मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा लुळेपणाचा आजारही होतो. नेपियर गवत एकट्याने रोज चारू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. तुरीचं, हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं कुटार, गव्हांडा, भंडारा-गोंदियाकडे तणस (भाताचा पेंढा), हे हळूहळू वाढवत एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशापर्यंत मिसळता येतं. पोट भरतं, पण त्यातून ताकद कमी मिळते. दात चांगले हवेत, पाणी भरपूर हवं, नाहीतर कोरड्या कुटाराचा गोळा आतड्यात अडकतो. बुरशीचा वास आला की तो ढीग घोड्यासाठी नाही.

इंटरनेटवर वाचताना एक लक्षात ठेवा. कुरणातल्या गवताविषयीचे बहुतेक सल्ले थंड देशांतले आहेत. तिथलं गवत एक विशिष्ट साखर साठवून ठेवतं, ती आपल्या पावसाळी गवतांत तशी साठत नाही. त्यामुळे आपल्या घोड्याला जाड करण्यात पहिला हात धान्य आणि गुळाचा, गवताचा नंतरचा. पण रब्बीत कोणी हिरवा ओट किंवा निंदणातला गहू आणून टाकत असेल तर सावध राहा. ती थंड हवामानाची पिकं आहेत. रात्री गारठा आणि दिवसा कडक ऊन असलं की त्यांत साखर भरते.

वाळलेला चारा पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं तर थोडी साखर निघून जाते. किती जाते ते चाऱ्यागणिक बदलतं. आपल्या उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तास पुरे, सावलीत भिजवा, लगेच चारा. जास्त वेळ ठेवलं तर आंबतं. ते पाणी पिवळट, गोडसर असतं, घोड्याला पिऊ देऊ नका.

चारा दिवसात चार वेळा वाटा आणि मोठा वाटा रात्रीला ठेवा, कारण रात्रच लांब असते. बारीक विणीच्या दोन जाळ्या एकात एक घालून त्यात भरला की तोच चारा दुप्पट वेळ पुरतो. नाल ठोकलेलं घोडं असेल तर जाळी इतकी उंच टांगा की खूर अडकणार नाही. चरायला सोडायचंच असेल तर डवरणीच्या वेळी बैलाला घालतो तसं मुसकं बांधा, पण तळाशी दोन बोटं जातील एवढं भोक ठेवा, म्हणजे पाणी पिता येतं आणि थोडं थोडं गवत ओढता येतं. त्याहून चांगलं म्हणजे गवत नसलेली मोकळी जागा. रिकामं खळं यासाठी उत्तम. घोडं तिथे दिवसभर हिंडतं.

चारा कमी केला की क्षार आणि प्रथिनंही कमी पडतात. डॉक्टरांना विचारून खनिज मिश्रण, दोन-अडीच तोळे मीठ आणि मूठ-दोन मूठ सोयाबीनची ढेप ओलसर कुटारात कालवून द्या. कच्चं सोयाबीन नको. पाणी तोडू नका.

उपाशी मात्र ठेवू नका

हे वेगळं लिहितोय, कारण घाबरलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. जाड घोड्याला एकदम उपाशी ठेवलं की अंगावरची चरबी सुटून रक्तात उतरते, यकृत तिला पुरं पडत नाही, आणि घोडं खाणंच सोडतं. यात जीव जातो. तट्टू, गाढव आणि फळलेली घोडी यांना हा धोका सगळ्यात जास्त. दीड टक्क्याच्या खाली जायचं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. जाड जनावर एक दिवसही चाऱ्याला तोंड लावत नसेल तर ती आणीबाणी समजा.

चौथी पायरी: चालवणं

आधी खात्री करा की पाय दुखत नाहीत. दुखऱ्या पायाने घोडं चालवायचं नाही, हे मी किंमत मोजून शिकलो.

पाय ठीक असतील तर पहिले पंधरा दिवस रोज पंधरा-वीस मिनिटं नुसती चाल. मग हळूहळू आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासाहून जास्त, ज्यात दुडकी चाल असेल आणि अंगाला घाम येईल. खाणं कमी केल्याने वजन उतरतं, पण शरीर इन्सुलिनला दाद देऊ लागतं ते मेहनतीने, म्हणून दोन्ही पाहिजेत. ज्याला पूर्वी लॅमिनायटिस होऊन गेला, त्याचं काम डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि मऊ जमिनीवर. दोरावर छोट्या गोलात फिरवू नका, वळताना खुरावर पीळ पडतो.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत घोडं घोट्यापर्यंत रुततं, पांदण रस्ते बंद होतात. तेव्हा मुरमाचा रस्ता किंवा सकाळी रिकामं असलेलं शाळेचं मैदान शोधा. डांबरावर फक्त चाल. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत आटोपा. चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 च्या वर जातो, आणि चरबीचा थर असलेल्या घोड्याची उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

वरातीत घोडी नाचवणं हा व्यायाम धरू नका. डांबरावर तासभर एका जागी टापा आपटायच्या, मग चार दिवस ठाणावर उभं राहायचं, याने खुराची पकड सैल होते आणि चरबी तिथेच राहते. वरातीतला खाऊही मोजा. नवरदेवाकडचे प्रेमाने पेढे, गूळ, बुंदी देतात. मी आता लगाम धरणाऱ्या पोराच्या खिशात वाळलेल्या गवताच्या लहान जुड्या ठेवतो. ज्याला द्यायचं आहे त्याने ते द्यावं. कोणी आजवर रागावलं नाही.

पाचवी पायरी: खूर दर आठवड्याला वाचा

खुराच्या भिंतीवर आडव्या रेषा असतात. त्या पुढे जवळजवळ आणि टाचेकडे लांब-लांब पसरत गेल्या असतील तर आत कधीतरी मंद लॅमिनायटिस होऊन गेला आहे, तुम्हाला कळला नसेल तरी. तळवा घासून स्वच्छ करा आणि भिंत व तळवा जोडणारी पांढरी रेषा पाहा. ती रुंद झाली असेल, तिच्यात लाल डाग असतील, तर डॉक्टरांना दाखवा. नालबंदाला सहा आठवड्यांहून जास्त लांबवू नका. टाप पुढे लांब वाढली की आतल्या पकडीवर ताण पडतो. जवळ नालबंद नसेल तर चार-पाच मालकांनी मिळून एकाच दिवशी बोलवावा, भाडं परवडतं.

नाडी ओळखायलाही निरोगी घोड्यावरच शिका. खुराच्या वरचा जो पहिला सांधा, त्याच्या मागच्या दोन्ही कडांवर बोटं हलकी ठेवा. निरोगी घोड्यात नाडी जेमतेम लागते, शोधावी लागते. ती बोटाखाली ठणठण उडत असेल आणि खूर गरम असेल, तर आत आग लागली आहे.

ती वेळ आलीच तर

घोडं मागे रेलून उभं आहे, वळायला तयार नाही, कडक जमिनीवर काचेवर चालल्यासारखं पाऊल टाकतं, जास्त वेळ आडवं पडतं. थांबू नका. डॉक्टरांना फोन करा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा नंबर आहे.

डॉक्टर येईपर्यंत घोड्याला चालवू नका. आहे तिथेच वीतभर जाड रेती पसरा, नदीची असली तर उत्तम, म्हणजे टाप रुतून तळव्याला आधार मिळतो. रेती नसेल तर थर्माकोलचे जाड तुकडे खुराखाली चिकटपट्टीने बांधा. पायांना बर्फ लावा. कुल्फीवाल्याकडून किंवा मासळी बाजारातून लादी आणा, फोडा, जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत पाण्यासकट भरा आणि पाय गुडघ्याखालपर्यंत त्यात ठेवा. हे तासाभराचं काम नाही, पहिले दोन-तीन दिवस सतत ठेवावं लागतं, त्यामुळे पाळ्या लावा. धान्य, हिरवा चारा सगळा बंद. भिजवून निथळलेलं वाळकं गवत आणि पाणी समोर ठेवा.

औषध आपल्या मनाने नको. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई कोणी सुचवली तर नाही म्हणा. जनावरांसाठी त्यावर 2006 पासून देशात बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं की त्यावर उतरणारी गिधाडं मरतात. स्टिरॉइडबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांगा की घोडी जाड आहे, अशा घोड्यात त्याने लॅमिनायटिसचा धोका वाढू शकतो. खाजेसाठी, सांध्यासाठी, तापासाठी गावोगावी अशी इंजेक्शनं सहज टोचली जातात. घरच्या माणसाची शुगरची गोळी घोड्याला देणारेही मी पाहिले आहेत. त्या गोळीतलं मेटफॉर्मिन घोड्याच्या आतड्यातून फारच कमी शोषलं जातं, आणि वेळ मात्र निघून जातो.

तपासण्या

इन्सुलिनचं रक्त उपाशीपोटी द्यायचं नसतं, माणसाच्या तपासणीच्या नेमकं उलट. नुसता वाळलेला चारा खाल्लेल्या घोड्याचं किंवा ठरावीक गोड पाक पाजून तासाभराने रक्त घेतात. माणसांच्या लॅबची पद्धत घोड्याच्या इन्सुलिनला जुळेलच असं नाही, म्हणून नमुना कुठे पाठवायचा ते घोड्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावं. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे, तिथे विचारा. देशात घोड्यांसाठी वेगळी संशोधन संस्था हिसारला आहे. खुराचा एक्स-रे मात्र जमेल तिथे काढाच. हाड किती फिरलं हे कळल्याशिवाय नालबंदाला टाप कशी तासायची ते सांगता येत नाही.

पंधरा वर्षांच्या पुढचं घोडं असेल, उन्हाळा आला तरी लांब, कुरळे केस झडत नसतील, पाठीचं मांस उतरलं असेल, तर मेंदूतल्या ग्रंथीचा वेगळा आजार असू शकतो. त्यातही खूर जातात, पण त्याची तपासणी आणि गोळी वेगळी.

किती दिवसांत फरक पडतो

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरला तर ते योग्य आहे. चंद्रीचे चाळीस किलो उतरायला पाच महिने लागले. पहिले तीन आठवडे फितीत काहीच दिसलं नाही, मानेची वळी तर सगळ्यात शेवटी मऊ झाली. खुराची नवी भिंत वरून खाली यायला वर्षाच्या आसपास लागतं, तेवढे दिवस जपावं लागतं.

आपल्याकडे लग्नं आषाढात थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. त्या चार महिन्यांत घोडी ठाणावर उभी असते, बांध हिरवेगार असतात, आणि सणांवर सण येतात. जाड होण्याचा काळ तोच, आणि नेमकी तेव्हाच फीत लावायला आपल्याला सवडही असते. म्हणून मी दरवर्षी आषाढी एकादशीला पहिलं माप घेतो, चंदी त्याच दिवसापासून उतरवायला लागतो आणि मुसक्याची दोरी तपासतो. पोळ्याला आई आताही चंद्रीला ओवाळते. कपाळाला कुंकू लावते, पाठीवर झूल टाकते, आणि पुरणपोळीऐवजी पवन्याची एक सुकी जुडी तिच्यासमोर धरते. पहिल्या वर्षी आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता ती ती जुडी आदल्या दिवशी स्वतःच काट्यावर तोलून ठेवते.